नात्याचा रकाना

दवाखान्यात नोकरी होती असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच आपला गुडघा नाहीतर साखर काढतो. मी त्याला थांबवते. मी डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हते. मी कागद करायची. बेंगळुरूत यशवंतपूरकडच्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात परदेशी रुग्णांसाठी वेगळं काउंटर आहे. त्या काउंटरमागे चौदा वर्षं बसून मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'रोमहर्षक अनुभव लिहा' असं सांगितलं. कागदांत रोमहर्षक काय असणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, 'मग जे असेल ते लिहा.' तेवढ्या परवानगीवर लिहिते आहे.

हे काउंटर मला मिळालं ते चार भाषा येतात म्हणून. मी निपाणीकडची. मराठी आणि कानडी दोन्ही घरातच मिळाल्या, हिंदी सिनेमानं दिली, इंग्रजी नोकरीनं शिकवली. येणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्यांना या चारांतली एकही भाषा यायची नाही, हे नेमणूक करणाऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यामुळे माझ्या शेजारी कायम एक दुभाषी असायचा. अरबीसाठी नझीर. शिवाजीनगरचा, मदरशात शिकलेला, बोलणं अस्सल बेंगळुरी दखनी. मला अक्का म्हणायचा आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी विचारल्याशिवाय खायचा.

काम काय, तर आलेल्या माणसाची पोलिसांकडे नोंद, व्हिसाची मुदतवाढ, राहायला खोली, आणि अवयव बदलायचा असेल तर वकिलातीचं पत्र. एकाची किडनी दुसऱ्याच्या पोटात बसवायला डॉक्टरांना चार तास लागतात, कागदांना तीन महिने. याबद्दल लोक आमच्यावर चिडत. पण गरिबाला फसवून, विकत घेऊन आणून टेबलावर झोपवणारे लोक जगात आहेत, त्यामुळे देणारा कोण, घेणारा कोण आणि दोघांचं नातं काय, हे त्यांच्या देशाच्या वकिलातीनं लिहून द्यावं लागतं. त्यानंतर समिती बसते, दोघांना वेगवेगळं बोलावून प्रश्न विचारते, आणि मग परवानगी. एक शब्द चुकला की सगळं परत पहिल्यापासून.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक आजोबा प्रत्येक फॉर्मवर वेगळं वय सांगायचे. टोकलं तर म्हणाले, 'मी जन्मलो तेव्हा मला लिहिता येत नव्हतं.' एक बाई व्हिसाचा फोटो काढायलाच तयार होईनात, कारण भुवया कोरलेल्या नव्हत्या. त्यांना मी चामराजपेटेतल्या माझ्या पार्लरवालीकडे घेऊन गेले. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण भुवया झकास झाल्या. अशा गोष्टी सांगायला बसले तर अंक पुरायचा नाही. मला एकच केस नीट सांगायची आहे, कारण तिच्यात चूक माझी होती.

त्या देशाचं नाव लिहीत नाही. तिथल्या दोन्ही बाजूंची माणसं मला अजून ईदेला निरोप पाठवतात, आणि नाव एक लिहायचं की दोन हे तिथेच अजून ठरलेलं नाही. उत्तरेला राजधानी, दक्षिणेला तांब्याच्या खाणींचा एक प्रांत आणि मध्ये नदी, एवढं वाचकांनी धरून चालावं. त्या दक्षिणेकडच्या एका गावातून इद्रिस आला. भूगोलाचा मास्तर, पंचेचाळिशीचा, दोन्ही किडन्या गेलेल्या. बरोबर बायको हलिमा आणि किडनी द्यायला आलेला यूसुफ. यूसुफ तिशीतला, ट्रक दुरुस्त करणारा, हातांच्या रेघांत काळं तेल मुरलेलं. इद्रिसच्या दोन मुली गावी आजीजवळ होत्या. दवाखान्यामागच्या गल्लीत त्यांना एक खोली घेऊन दिली.

इद्रिसला बेताचं इंग्रजी यायचं, पण पहिल्या दिवशी तो थकलेला होता, म्हणून मी नझीरलाच विचारलं, 'किडनी देणारा याचा कोण?'

'चाचा का बेटा बोलरे अक्का. भाई लगता.'

मी वकिलातीच्या अर्जात नात्याच्या रकान्यात लिहिलं, 'ब्रदर'.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं. आमचं घर एकत्र. चार भाऊ आणि त्यांची मिळून अकरा पोरं. चुलत हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा होता. थोरल्या काकांचा सदा हा माझा सदाअण्णा, बस. एकदा शाळेत मी बाईंना 'माझा चुलतभाऊ' असं म्हणाले. ते माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या कानावर गेलं. जेवायला बसल्यावर सगळ्यांसमोर त्यांनी शांतपणे विचारलं, 'शैला, आपल्यात चुलत कोण राहतो ग? मला दाखव एकदा.' तेव्हापासून तो शब्द माझ्या तोंडून गेला तो गेलाच. त्यामुळे नझीर 'भाई' म्हणाला तेव्हा माझ्या हातानं बिनदिक्कत भाऊ लिहून टाकला. कायद्याला मात्र सख्खा आणि चुलत यांत फार फरक असतो. सख्ख्याची वाट सोपी, चुलत असला की समिती खोदून खोदून विचारते. हे मला इतकी वर्षं पाठ होतं, आणि तरी हात गेला.

अर्ज दिल्लीला वकिलातीत गेला आणि त्याच आठवड्यात त्या दक्षिणेच्या प्रांतानं आपण वेगळा देश झालो असं जाहीर केलं. राजधानीनं त्यांना बंडखोर ठरवलं. चौथ्या दिवशी विमानतळ बंद झाला, सहाव्या दिवशी नदीकाठच्या छावणीवर गोळीबार झाला, आणि जे काल निवडणुकीसारखं वाटत होतं ते युद्ध झालं. आमच्या डायलिसिसच्या खोलीत टीव्हीवर एरवी कानडी मालिका चालतात. इद्रिस सिस्टरला विनवून बातम्या लावायला सांगायचा, आणि त्या देशाची बातमी कधी अर्धं मिनिट यायची, कधी यायचीच नाही. शेजारच्या खाटेवरचे येलहंक्याचे एक काका मालिका चुकल्याबद्दल कुरकुर करायचे. तिसऱ्या दिवशी त्यांना कारण कळलं, आणि मग तेच रिमोट हातात धरून चॅनेल शोधत बसायला लागले.

एकदा इद्रिसनं रक्ताच्या रिपोर्टच्या पाकिटावर मला नकाशा काढून दाखवला. मास्तरचा हात, दोन रेघांत नदी उभी केली. 'या काठाला माझं घर, त्या काठाला माझी शाळा. वीस वर्षं रोज पुलावरून जातो. आता पोरांना कुठला नकाशा शिकवू?' दुसऱ्या आठवड्यात तो पूलच उडवला. त्याच दिवशी गावाचे फोन बंद पडले. मुलींचा आवाज ऐकू येईना.

आणि याच दिवसांत दोघा भावांचं फाटलं. यूसुफनं फोनवर नव्या देशाचा झेंडा लावला होता. तो म्हणायचा, 'आमचं तांबं विकून राजधानीत विमानतळ झाला आणि आमच्या गावात साधा दवाखाना नाही. म्हणून तर आपण इथे परक्या गावात बसलोय.' इद्रिस म्हणायचा, 'दवाखाना मागायचा होता. देश कशाला मागितला?' मला दोघांचंही पटायचं, आणि म्हणून मी तोंड उघडत नसे. पुढे ते एकमेकांशी बोलेनासे झाले. खोली एकच, ताट एकच, पण निरोप हलिमामार्फत. 'त्याला सांग, गोळ्या घेतल्या का.' 'त्याला सांग, घेतल्या.' हलिमाचं माहेर राजधानीतलं. ती एकदा भांडी घासता घासता मला म्हणाली, 'मी कुठल्या बाजूची ते अजून कुणी विचारलेलं नाही. तेवढं बरं आहे.' हे नझीरनं भाषांतर करून सांगितलं आणि मग तिनं घासलेली भांडी पुसायला लागला.

तिसऱ्या आठवड्यात वकिलातीचं उत्तर आलं. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, अर्जात भाऊ लिहिलं आहे, पण पासपोर्टांवर वडिलांची नावं वेगळी आहेत, याचा खुलासा करा. दुसरी, राजधानीहून नवीन परिपत्रक आलं आहे, त्यानुसार दक्षिणेच्या प्रत्येक माणसानं घोषणापत्र जोडावं. त्याचा नमुनाही सोबत होता. 'मी अखंड प्रजासत्ताकाचा निष्ठावंत नागरिक असून फुटीर सरकारला मानत नाही.' खाली सही.

पहिली गोष्ट वाचून मी अर्जाची प्रत काढली, रकान्यात माझंच 'ब्रदर' होतं. एरवी ही चूक दोन ओळींच्या पत्रानं सुटली असती. पण ज्या देशातून कागद तपासून घ्यायची सोय उरलेली नाही, तिथल्या माणसाच्या फाइलमध्ये खोटं नातं सापडलं, असं ते दिसत होतं. आमचे मॅनेजर म्हणाले, 'शैलक्का, हे प्रकरण आपल्या अंगाशी येईल. फाइल बंद करा. युद्ध संपलं की बघू.' माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता. मी वर जाऊन किडनीच्या डॉक्टरांना विचारलं, युद्ध संपेपर्यंत इद्रिस थांबू शकेल का. मानेत घातलेल्या नळीला दुसऱ्यांदा संसर्ग झाला होता, ताप उतरत नव्हता. डॉक्टर म्हणाल्या, 'महिन्यांचा हिशोब करू नका. आठवडे म्हणा.' त्या माणसाचा जीव माझ्या हातानं अडकवला, या विचारानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. घरी कुणाला सांगितलंही नाही, लाज वाटली.

मॅनेजरांना मी म्हणाले, एक आठवडा द्या. त्यांनी चार दिवस दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला यूसुफ काउंटरवर हजर. नझीरला हाताला धरूनच आणला होता. 'माझं नाव काढा,' म्हणाला. शेजारच्या देशातून गावाकडे जायची एक वाट त्याला मित्रांनी कळवली होती. तिकडे त्याच्या वयाची सगळी पोरं आघाडीवर लढायला गेली होती आणि हा इथे पोटावर हात ठेवून बसला होता, हे त्याला सहन होत नव्हतं. मी त्याला बसवलं, चहा मागवला, आणि तो घोषणापत्राचा नमुना पुढे ठेवला. इद्रिसनं आपल्या प्रतीवर आदल्या दिवशीच सही दिली होती. लपवून काय करणार होते? नझीरनं वाचून दाखवला. यूसुफनं कागद दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला.

'किडनी मागा, देतो,' तो म्हणाला. 'जीभ मागू नका.'

मी त्याच्यावर रागावले. वर तुझा भाऊ तापानं फणफणतोय आणि तुला एका ओळीचं पडलंय, असं काहीतरी बोलणारच होते. पण त्याचा चेहरा बघितला आणि मला समोर आप्पा बसल्यासारखे वाटले. जबडा तसाच घट्ट, नजर टेबलावर.

आमचा भाग कुठल्या राज्यात असावा हा वाद माझ्या जन्माआधीपासूनचा. आमच्याकडे मोर्चे झाले, पाट्यांना काळं फासलं गेलं, कोर्टकचेरी झाली. लढाई झाली नाही, ही आमच्यावर देवाची कृपा, आणि म्हणून त्यांच्या दुःखाशी बरोबरी करायचा मला अधिकार नाही. पण आप्पा एक गोष्ट करायचे. कुठल्याही फॉर्मवर 'राज्य' हा रकाना ते कोरा ठेवायचे. रेशनकार्ड असो, बँक असो. खोटं लिहायचं नाही आणि मनातलं लिहिलं तर फॉर्म फेटाळतात, म्हणून कोरा. बारावीनंतर माझी नर्सिंगला निवड झाली होती. फॉर्म 'अपूर्ण' असा शेरा मारून परत आला. आईनं हातापाया पडून सांगितलं. आप्पांनी सही पुन्हा केली, रकाना भरला नाही. जागा गेली. मी नर्स झाले नाही ती अशी.

हे सगळं मी त्या सकाळी यूसुफला सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही. मी हिंदीत, नझीर अरबीत. मध्येच नझीर थांबला आणि म्हणाला, 'अक्का, स्वल्प हळू. ये तो हमकू भी मालूम नै था.'

यूसुफनं विचारलं, 'तुम्ही वडिलांवर रागावलात?'

'अजून रागावलेली आहे.'

'मग मला का सांगता?'

'कारण ते खोटं लिहायला तयार नव्हते, आणि त्यांना तिसरी वाट दाखवणारं कुणी नव्हतं. मला तेव्हा कागद करता येत नव्हते. आता येतात.'

मी कॉम्प्युटरकडे वळले आणि लिहायला लागले. मी, खाली सही करणारा, अमुक क्रमांकाचा पासपोर्ट बाळगतो. हा पासपोर्ट प्रजासत्ताकानं दिलेला आहे. इद्रिस हा माझ्या वडिलांच्या सख्ख्या थोरल्या भावाचा मुलगा आहे. मी त्याला स्वखुशीनं किडनी देत आहे. बस. नागरिक हा शब्द नाही, निष्ठा नाही, 'मानतो' नाही, 'मानत नाही' हेही नाही. पासपोर्ट त्याच्या खिशात होता, तो कुणी दिला हे त्याच्यावर छापलेलं होतं. प्रत्येक शब्द खरा. कागद छापून मी त्याच्यासमोर ठेवला. नझीरनं वाचला. यूसुफनं पुन्हा वाचायला लावला, मग तिसऱ्यांदा. कुठे काही दडवलं आहे का ते शोधत होता. शेवटी चहा एका घोटात संपवून त्यानं सही केली. त्या दिवशी आप्पांवरचा माझा राग निम्मा झाला. निम्मा आहे अजून.

पण वकिलातीनं हा कागद घ्यायला हवा ना. तिथले हे काम बघणारे अधिकारी तारिकसाहेब, त्यांना मी फोन लावला. ते राजधानीचे. म्हणजे यूसुफच्या हिशोबानं शत्रू. आधी मी माझी चूक कबूल केली. नात्याचा रकाना मी भरला, रुग्णानं नव्हे, आणि आमच्या घरी काकांच्या मुलाला भाऊच म्हणतात. मग नवीन घोषणापत्राची प्रत पाठवली. ते फोनवरच राहिले. कागद वाचल्याचा आवाज नसतो, त्यामुळे मी नुसती बसून होते.

'मॅडम, हे आमच्या नमुन्यासारखं नाही,' ते म्हणाले.

'नाही सर.'

'कुणी लिहिलं?'

'मी.'

मग ते सावकाश म्हणाले, 'परिपत्रकात लिहिलंय की घोषणापत्र जोडावं. नमुना सोबत आहे असं लिहिलंय. नमुन्याप्रमाणेच जोडावं असं लिहिलेलं नाही. मी तीस वर्षं कागदच करतोय मॅडम. जोडलंय ना? जोडलंय.' दोन दिवसांत पत्र आलं. नातं बरोबर, शिक्का, सही. पुढच्या महिन्यात मी आभाराची चिठ्ठी पाठवली तर कळलं की त्यांना परत बोलावून घेतलं आहे. का, ते कुणी सांगितलं नाही. त्या माणसाचा चेहरा मी कधी बघितला नाही. माझ्या रोजच्या प्रार्थनेत मात्र त्यांचं नाव आहे, आणि ते मी कुणाला विचारून घातलेलं नाही.

समिती बसली. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त प्राध्यापिका होत्या, म्हैसूरकडच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी जुना अर्ज आणि नवं पत्र शेजारी शेजारी ठेवलं. 'आधी भाऊ, आता चुलतभाऊ. हे काय?' मॅनेजर माझ्याकडे बघायला लागले. मी उभी राहिले. इतक्या वर्षांत समितीसमोर कागद ठेवले होते, स्वतः कधी उभी राहिले नव्हते. चूक माझी, हे सांगितलं. सदाअण्णाचं सांगितलं, आप्पांनी जेवताना विचारलेलंही सांगितलं. इंग्रजीत सुरू केलं होतं, घाबरून कधी कानडीवर आले कळलंच नाही.

बाईंनी चष्मा काढला. 'दोड्डप्पन मगनू अण्णाने अल्वा?' त्या शेजारच्या डॉक्टरांना म्हणाल्या. थोरल्या काकांचा मुलगाही अण्णाच की. 'नम्म मनेलू हागेने.' आमच्या घरीही तसंच. शेजारचे डॉक्टर मान हलवत होते. पलीकडचे वकीलसाहेब म्हणाले, त्यांना कॉलेजात जाईपर्यंत कळलं नव्हतं की घरातले सख्खे किती. माझ्या चुकीची जात ओळखणारी माणसं त्या टेबलापलीकडे बसली होती, हे माझं नशीब. तरी बाईंनी मला सोडलं नाही. 'सरी, ठीक आहे,' म्हणाल्या, 'पण इथून पुढे रकाना भरताना माहेर बाहेर ठेवायचं.' मी हो म्हणाले.

मग यूसुफला एकट्याला आत घेतलं. दुभाषी त्यांचा, दार बंद. आत काय झालं ते त्यानं नंतर नझीरला सांगितलं. विचारलं, इद्रिसवर तुझं प्रेम आहे का. तो म्हणाला, 'सध्या नाही. सध्या त्याचं तोंड बघवत नाही. तो माझ्या देशाला देश म्हणत नाही.' मग किडनी का देतोस? 'मला पोहायला त्यानं शिकवलं. आमच्या नदीत, तीच नदी. बुडत होतो तेव्हा केस धरून ओढलं. त्याचं तोंड बघवत नाही म्हणून त्याला मरू देऊ?' पढवून आणलेला माणूस असं बोलत नाही, हे समितीला कळलं. संध्याकाळच्या आत परवानगीचा कागद माझ्या हातात होता.

ऑपरेशन झालं. किडनी बसली की सगळ्यांचं लक्ष एका पिशवीकडे लागतं. त्यात लघवी उतरली की जिंकलो. बाहेर जगात या गोष्टीचं नाव कुणी काढत नाही, आमच्याकडे तिच्यासाठी पेढे वाटलेले मी पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी यूसुफ पोटाला हात लावत, भिंतीला धरत इद्रिसच्या काचेपाशी आला. आत जायची परवानगी नव्हती. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच तो त्याच्याशी थेट बोलला. काचेवर टकटक करून, वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं विचारलं, 'मुतलास का?' इद्रिसनं पिशवी वर करून दाखवली. दोघंही हसायला गेले आणि दोघांचेही टाके दुखले. हलिमा भिंतीकडे तोंड करून रडत होती. मीही रडले, उगाच का खोटं लिहू.

महिन्याभरानं डॉक्टरांनी यूसुफला प्रवासाची परवानगी दिली. त्याला वर्षातून एकदा रक्त तपासायला सांगितलं, जड उचलू नको म्हणून सांगितलं, आणि तो युद्धाकडे जातोय हे माहीत असलेली आम्ही माणसं त्याला पाणी भरपूर पी असं सांगत उभी होतो. मी विचारलं, 'लढायला चाललास?' तो म्हणाला, 'आधी मुली.'

तीन आठवड्यांनी हलिमाला शेजारच्या देशातल्या एका छावणीतून फोन आला. फोनवर तिची धाकटी होती. काका आम्हाला घेऊन आला, आजीला पाठीवर घेऊन आला, असं सांगत होती. जड उचलू नको हे त्यानं ऐकलं नव्हतं. मुलींना तिथे सोपवून यूसुफ त्याच वाटेनं मागे गेला. त्यानंतर त्याची काही खबर नव्हती.

इद्रिस चार महिन्यांनी बरा होऊन मुलींकडे गेला. तिथेच आता छावणीतल्या पोरांना भूगोल शिकवतो. कुठला नकाशा शिकवतो ते मी विचारलेलं नाही. जाण्याआधी हलिमानं फोनवर एक ग्रुप केला. त्यात ते दोघं, नझीर, मी, आणि यूसुफचा जुना नंबर. दर महिन्याला इद्रिस किडनीची तपासणी करून त्यात दोन ओळी टाकतो. पहिल्यांदा त्याचा निरोप नझीरनं मला वाचून दाखवला. 'यूसुफ ठीक आहे. एक पूर्णांक एक.' मी आनंदानं उठूनच उभी राहिले. नझीर म्हणाला, 'बसो अक्का. उनो पेट में का यूसुफ बोलरे.' इद्रिस त्या किडनीलाच यूसुफ म्हणत होता, आणि एक पूर्णांक एक हा रक्ततपासणीतला तिचा आकडा, म्हणजे ती उत्तम चाललेली. त्यानंतर दर महिन्याला तेच. यूसुफ ठीक आहे, एक पूर्णांक एक. यूसुफ ठीक आहे, एक पूर्णांक शून्य. वर्ष झालं, दोन झाली. त्या जुन्या नंबरापर्यंत निरोप पोचत नाही हे फोन दाखवायचा, तरी इद्रिस टाकत राहिला, आणि मी निवृत्त झाले तरी ग्रुपमधून निघाले नाही.

गेल्या महिन्यात दुपारी चामराजपेटेत भाजी घेत होते. फोन वाजला म्हणून बघितलं तर इद्रिसच्या नेहमीच्या दोन ओळी, आणि त्यांच्या खाली आणखी एक ओळ. पाठवणाऱ्याच्या जागी यूसुफचं नाव. मला अरबी येत नाही. हातातली पिशवी भाजीवाल्या अण्णाकडे ठेवली, बाजूच्या पायरीवर बसले आणि नझीरला फोन लावला. त्यानं ग्रुप उघडला. वाच ना रे, मी म्हणाले. मग त्यानं वाचलं.

'तिकडचा यूसुफ ठीक आहे हे कळलं. इकडचाही ठीक आहे.'